शिक्क्यातला गळालेला ‘वि’

मी कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. एम.ए. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात केलं आणि महाराष्ट्राची सेट, म्हणजे राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा, पास झालो. आमच्याकडच्या मराठी पोरांची अडचण इथूनच सुरू होते. 1 जून 2002 नंतरची सेट ज्या राज्यातून दिली, त्याच राज्यात चालते. पुणे विद्यापीठ घेतं ती महाराष्ट्र-गोव्यापुरती. घराजवळ बेळगावात सहायक प्राध्यापक व्हायचं तर कर्नाटकाची केसेट, देशपातळीवरची नेट नाहीतर नियमाप्रमाणे केलेली पीएच.डी. हवी. हे मला ठाऊक होतं. फसवणाऱ्यालाही ठाऊक होतं, आणि त्यानं नेमका तिथंच हात घातला.

तेव्हा मी एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर होतो. फोन मराठीतूनच आला. ‘‘सर, तुमची सेट इथं चालत नाही, पण एका खासगी विद्यापीठात सीमाभागातल्या भाषांवर रिसर्च प्रोजेक्ट आहे. दोन वर्षं काढा, मग तिथंच परमनंट करून घेतात.’’ माझा विषय, टक्केवारी, सगळं त्याला पाठ. नोकरीसाठी दिसेल तिथं बायोडेटा टाकत होतो, त्यातूनच गेलं असणार.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर, बारा मिनिटं. विषयाचं एक अक्षर विचारलं नाही. खऱ्या निवडीत कुलगुरू किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, तीन विषयतज्ज्ञ समोर बसतात. इथं दोघंच होते, आणि दोघंही ‘‘कधी जॉइन होणार?’’ एवढंच विचारत होते.

आधी फाइल चार्ज 8,500. आठ दिवसांनी नेमणूकपत्र आलं, पगार 57,700. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगार तोच; आकडा बघून माझी उरलीसुरली शंका गेली. प्रोजेक्टवरच्या माणसाला तो पगार कसा, हे डोक्यातच आलं नाही. मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’, 60,000. बाबांनी सोसायटीतली पिग्मी मोडली. भाजी विकून रोज पन्नास-शंभर टाकलेले पैसे ते. नोटा हातात देताना एवढंच म्हणाले, ‘‘ऑर्डर आलीया नव्हं, मग झालं.’’

पत्र पकडलं भाचीनं. ती कानडी शाळेत सातवीला आहे. गोल शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘मामा, विश्वविद्यालयमधला एक ‘वि’ कुठाय?’’ खरंच, कानडीत ‘विश्वद्यालय’ छापलं होतं. मी ते पत्र वीस वेळा तरी वाचलं असेन.

मग ईमेल नीट बघितला. पत्त्याच्या शेवटी डॉट कॉम. एसी डॉट इन आणि ईडीयू डॉट इन ही नावं शिक्षणसंस्थांनाच मिळतात, म्हणून आधी तिथं नजर टाका. दुसऱ्या दिवशी त्या विद्यापीठात गेलो. रजिस्ट्रार ऑफिसातल्या बाईंनी पत्रावरचा नंबर शोधला. असा प्रोजेक्टच नव्हता. त्यांच्या नावावर कुणीतरी तिसराच धंदा करत होता.

पैसे गेले की तासाभरात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला हवा. समोरच्याने पैसे काढायच्या आत खातं गोठवता येतं. मी बाबांना काय सांगू या विचारात अकरा दिवस घालवले. तोवर त्याच्या खात्यात 2,300 उरले होते. तक्रार नोंदवली आहे.

बाबांनी पुन्हा पिग्मी सुरू केली आहे. ते पत्र माझ्याकडे जपून आहे. खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या कुणाला असं नेमणूकपत्र आलं असेल, तर पैसे भरायच्या आधी घेऊन या, दोन्ही शेजारी ठेवून बघू.