घरी शिकवायचं की गावच्या शाळेत? सीमाभागातल्या पालकांसाठी

पुण्या-मुंबईत मुलांना घरी शिकवायचा विचार करणाऱ्यांपुढे साधारण दोनच प्रश्न असतात. वेळ कुणी द्यायचा, आणि दहावी कुठून करायची. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात तिसरा येतो, कागदांचा. आमचा निर्णय शेवटी त्यावरच झाला, म्हणून जागाही त्यालाच जास्त दिली आहे.

नुसतं शिकवण्यापुरतं पाहिलं तर पहिली ते चौथीत घर पुढे असतं, हे मान्य करायला हरकत नाही. एका मुलाला सकाळचे दोन-अडीच तास नेटाने दिले तर या वयात पुरतात. पटसंख्या रोडावलेल्या मराठी शाळेत एकच गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळतात, त्यात निवडणुकीची कामं वेगळी. घरी मात्र हातच्याची वजाबाकी पक्की होईपर्यंत भागाकाराला हातच लावायचा नाही, असं ठरवता येतं. पुस्तकं निवडताना मात्र जपून. बालभारतीची कोल्हापूर-गडहिंग्लजला सहज मिळतात, पण मूल पुढे इथल्या शाळेत जाणार असेल तर कर्नाटकची मराठी माध्यमाचीच धरावीत. पाठ्यपुस्तक खात्याच्या संकेतस्थळावरून ती फुकट उतरवता येतात. दोन्ही मिसळली की परिसर अभ्यासाचा घोळ होतो, एकीकडचे जिल्हे आणि नद्या दुसरीकडे येतच नाहीत. बालभारतीचं चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक वाचायला जरूर ठेवा, परीक्षेसाठी नको.

कन्नडचं काय, हे बरेच जण मागे ढकलतात. 2015 च्या कायद्यानंतर 2017-18 पासून कर्नाटकात पहिलीपासून कन्नड टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. म्हणजे पाचवी-सहावीत शाळेत घातलेल्या मुलाला वर्गातली बाकीची मुलं चार-पाच वर्षं पुढे गेलेली दिसतात. बाजारापुरतं कन्नड आपल्या सगळ्यांना येतं, लिहिताना हात अडखळतो. देवनागरीत सराईत झालेली मुलं नेमकी दोन ठिकाणी चुकतात. एक, जोडाक्षर. आपण पहिलं अक्षर अर्धं करून दुसरं पूर्ण लिहितो. कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं लहान होऊन त्याच्या खाली लागतं. दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, तसेच ‘ओ’. मराठी कानाला हा फरक ऐकूच येत नाही, त्यामुळे शुद्धलेखनात गुण तिथेच जातात. घरी शिकवायचंच असेल तर दुसरीपासून आठवड्याला किमान तीन दिवस कन्नड लिहिता येणारं कुणीतरी हवं. शेजारच्या काकूंशी नुसतं बोलून ते होत नाही.

आता तो कागद, स्टडी सर्टिफिकेट, म्हणजे मूल कोणत्या शाळेत किती वर्षं शिकलं याचा दाखला. अभियांत्रिकी वगैरेंसाठी केसीईटीतून, म्हणजे कर्नाटकच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, सरकारी जागा हवी असेल, तर सगळ्यात वापरातला नियम असा: पहिली ते बारावीपैकी किमान 7 वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात, आणि दहावी किंवा बारावी याच राज्यातून उत्तीर्ण. घरी घालवलेलं एकही वर्ष यात धरत नाहीत. बोटांवर मोजा. सहावीत प्रवेश घेतला तर बारावीपर्यंत बरोबर 7 होतात, एकही वर्ष हाताशी राहत नाही. पाचवीत घातलं तर एक वर्ष शिल्लक राहतं. आई-वडिलांपैकी एक जण कर्नाटकात 7 वर्षं शिकला असेल तर दुसरं कलम आहे, पण मग मुलाची अकरावी-बारावी इथेच व्हायला लागते आणि पालकाच्या जुन्या शाळांतून दाखले काढत फिरावं लागतं. नियमांची पुस्तिका दरवर्षी नव्याने येते, ती पाहूनच पुढे जावं.

खानापूर तालुक्यातल्या किंवा कुठल्याही खेड्यातल्या घराला याहून मोठा फटका आहे. ग्रामीण कोट्याच्या 15 टक्के जागांसाठी पहिली ते दहावी ही सगळी वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. इयत्ता, वर्ष, शाळा, गाव असा तक्ता मुख्याध्यापक भरतात आणि त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही होते. पहिली-दुसरी घरी केली की त्या दोन ओळी कोऱ्या, आणि कोटा गेला.

महाराष्ट्राकडे वळावं म्हटलं तरी तेच. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी तिथल्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळी सोय आहे, पण दहावी किंवा बारावी वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतूनच झालेली लागते. घरी बसून दिलेली परीक्षा त्यात बसवणं अवघडच.

एनआयओएसचा, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाचा, मार्ग वाईट नाही, तो वेगळ्या मुलांसाठी आहे. दहावीला किमान वय 14 पूर्ण, किमान पाच विषय, नोंदणी 5 वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. मराठी विषय घेता येतो. कुस्तीत, गाण्यात किंवा दुसऱ्या कशात दिवसाचे सहा तास घालवणाऱ्या मुलाला ही मोकळीक सोन्यासारखी. फक्त दोन गोष्टी वेळेत पाहाव्यात. स्वाध्याय ठरल्या तारखेआत गेले नाहीत तर त्यांचे 20 टक्के गुण हातचे जातात. आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं केंद्रावर जाऊनच करावी लागतात, घरच्या लिंबू-सोड्याच्या प्रयोगावर भागत नाही.

कायद्याची भीती मात्र जरा जास्तच घातली जाते. 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं आरटीईने (शिक्षण हक्क कायद्याने) पालकांचं कर्तव्य ठरवलं आहे, पण न घातल्यास पालकाला शिक्षा त्या कायद्यात सांगितलेली नाही. उशिरा आलेल्या मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागचं भरून काढायला खास शिकवणी द्यायची, हेही त्याच कायद्यात आहे. तीव्र किंवा बहुविकलांग मुलाला तर 2012 च्या दुरुस्तीने घरीच शिकण्याचा हक्क दिला आहे. तिथे नाव शाळेच्या पटावर ठेवून घरी शिकवणं हाच सरळ रस्ता.

बाकीच्यांनी, आमच्या मते, नाव पहिलीपासून जवळच्या मराठी शाळेत घालावं आणि घरचे दोन तास संध्याकाळी ठेवावेत. त्यात गणित आणि वाचन घरी, कन्नड आणि इंग्रजी शाळेवर, अशी वाटणी जमते. ज्यांना सुरुवातीची वर्षं घरीच हवी आहेत आणि जे शहरात राहतात, त्यांनी निदान पाचवीच्या जूनची तारीख चुकवू नये. प्रवेशाला जाताना जन्मदाखला आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून न्यावं. आईच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग बहुतेक तिथेच फसतं. आणि शाळेकडून सॅट्स क्रमांक, म्हणजे कर्नाटकच्या शिक्षण खात्याच्या नोंदीतला मुलाचा क्रमांक, त्याच आठवड्यात मागून घ्यावा. एसएसएलसीच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, नोंदणीला तोच लागतो.