तीन डिझाइन, एक पॅनेल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पंपाच्या कंट्रोलरसाठी मला तीन सर्किट बोर्ड लागतात: पॉवरचा, रिलेचा आणि डिस्प्लेचा गोल बोर्ड. आधी तिन्हींची ऑर्डर वेगळी जायची. सेटअपचा खर्च तीनदा, स्टेन्सिलही (सोल्डर पेस्ट ओढायचा भोकांचा पत्रा) तीन. गेले आठ महिने किकॅड या सर्किट-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली ही डिझाइन मी त्याच्या जोडीचं किकिट हे साधन वापरून एकाच पॅनेलवर, म्हणजे नंतर सुटे करायच्या एका मोठ्या बोर्डावर, मांडतोय. बोर्डांचा खर्च जवळपास निम्म्यावर आला, पण मला जास्त सुख स्टेन्सिलचं आहे. पेस्ट एकदाच ओढायची, अख्खा सेट तयार.

किकिट फुकट आहे, ओपन सोर्स आहे. एकाच बोर्डाच्या प्रती मांडायला कमांडची एक ओळ पुरते. वेगवेगळी डिझाइन जोडायला पायथनची स्क्रिप्ट लिहावी लागते. माझा त्यात एक रविवार गेला. नेटची (एकमेकांना जोडलेल्या पिनांच्या जोडणीची) नावं किकिट आपणहून वेगळी ठेवतं. आर१ (पहिला रेझिस्टर) मात्र तिन्ही बोर्डांवर आर१च राहतो, तेव्हा असेंब्ली (भाग बसवायचं काम) बाहेर देणार असाल तर आधी ते निस्तरा.

खरी परीक्षा बोर्ड सुटे करताना होते. व्ही-कट, म्हणजे बोर्ड मोडण्यासाठीची खाच, सरळ रेषेतच जातो, म्हणून चौकोनी बोर्डांना तो, आणि गोल बोर्डाला माऊस-बाईट, म्हणजे तोडायला ओळीने पाडलेली भोकं: २ मिमीची फट, ती जोडणाऱ्या मधल्या टॅबवर ०.५ मिमीची भोकं. तुटलेली कड खरखरीत राहते, कानस मारावी लागते. तेव्हा मास्क लावाच, ती काचेच्या तंतूंची धूळ असते.

पहिल्या खेपेला मी व्ही-कट हातानेच मोडले. दोन दिवसांनी एक पॉवर बोर्ड तापायला लागला. ५ व्होल्टची लाइन शॉर्ट. भिंगातून पाहिलं तर कडेच्या सिरॅमिक कपॅसिटरला केसाएवढी चीर. कटाला काटकोनात बसवला होता, मोडतानाचा सगळा ताण त्यानेच खाल्ला. आता असे कपॅसिटर कटाला समांतर आणि ५ मिमी आत ठेवतो. त्यानंतर एकही गेला नाही.

ऑर्डरआधी कारखान्याला स्पष्ट विचारा. माझ्याकडून एकाने एका पॅनेलमधल्या प्रत्येक डिझाइनचे वेगळे पैसे घेतले, तेही फाइल पाठवल्यावर सांगून. शिवाय बोर्डाची जाडी, लेयर (तांब्याचे थर) आणि तांब्याची जाडी सगळ्यांना एकच मिळते. माझ्या रिले बोर्डाला जाड तांबं हवं होतं. शेवटी ट्रॅक (तांब्याच्या पट्ट्या) रुंद करून भागवलं.

डिस्प्लेचं डिझाइन मी अजून बदलतोय, आणि त्याच्या प्रत्येक बदलाला उरलेले दोन बोर्डही नव्याने येऊन कपाटात पडतात. म्हणून पुढच्या खेपेला डिस्प्ले वेगळा मागवणार, पॉवर आणि रिले एकत्रच.