21 वॅटचं फोल्डिंग सोलर चार्जर: खानापूर साइडला शेतात वापरून बघितलं ते सगळं

आमचं शेत बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जांबोटी रोडवरनं आत, जंगलाला लागून. भात पोटरीला आलं की गवे आणि रानडुकरं उतरतात, त्यामुळं दसऱ्याच्या आधीपासनं सुगी उरकेपर्यंत रात्री कुणीतरी माळ्यावर राखणीला असतंच. माळ्यापर्यंत लाईट नाही, आणि हेड टॉर्च आणि फोन दोन्ही भरलेले पाहिजेतच, मध्यरात्री गवा बांधावर आल्यावर टॉर्च विझली तर काय होतं ते राखण केलेल्या माणसालाच माहीत. म्हणून हे तीन पट्ट्यांचं घडीचं सोलर पॅनेल ऑनलाइन मागवलं, साडेतीन हजाराच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साइजची बाजारातली बहुतेक पॅनेलं आतनं सारखीच असतात आणि मी सांगतोय ते सगळ्यांनाच लागू होतं.

पहिली गोष्ट, यात बॅटरी नसते. बरेच जण समजतात की दिवसभर उन्हात टाकलं की रात्री त्यावर फोन लावायचा, तसं नाही, ऊन आहे तोवरच करंट. घडी केली की शाळेच्या वहीएवढं होतं, पिशवीत सहज बसतं, कोपऱ्यांना दोरी ओवायला रिंगा आहेत, पाठीमागं कप्प्यात दोन यूएसबी पोर्ट. शिवण चांगली आहे, कापड जाड आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

आता वॅट. डब्यावर 21 लिहिलंय ते प्रयोगशाळेतलं माप, म्हणजे चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि सेलचं तापमान 25 अंश धरून काढलेलं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये स्लॅबवर पॅनेल टाकलं तर सेल 60 अंशाच्या वर सहज जातो, आणि 25 च्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.4 टक्के पॉवर कमी होते, म्हणजे 14 टक्के तरी नुसत्या गरमीत गेले, शिवाय 5 व्होल्ट करून देणारं आतलं सर्किट थोडं खातं ते वेगळंच. मी यूएसबी मीटर (पोर्टमधनं किती करंट जातोय ते दाखवणारं छोटं यंत्र) लावून बघितलं, स्वच्छ उन्हात दुपारी एका पोर्टवर 11 वॅटच्या आसपास, दोन्ही पोर्टवर मिळून 14, कधी 15. सकाळी नऊला 6-7. माझ्या मते हा आकडा चांगला आहे, 21 पैकी 14 मिळाले तर पॅनेल खराब म्हणून परत पाठवू नका, चांगल्या पॅनेललाही एवढंच मिळतं.

पण हे कधी मिळतं, तर पॅनेल सूर्याकडं तोंड करून ठेवलं तर. बेळगाव भागात डिसेंबरात भर दुपारी पण सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेकडं जवळजवळ 39 अंश कललेला असतो, आणि तेव्हा पॅनेल जमिनीवर सपाट पसरलं की पाचवा हिस्सा तिथंच गेला. मे च्या सुरवातीला मात्र सूर्य बरोबर डोक्यावरनं जातो, तेव्हा सपाट चालतं. सोपा उपाय म्हणजे पॅनेलवर पेन काटकोनात उभं धरायचं, त्याची सावली ज्या बाजूला पडते ती पॅनेलची बाजू उचलत राहायचं, सावली पेनच्या बुडात गेली की तोंड बरोबर सूर्याकडं झालं. सावलीचं तर विचारूच नका, कपड्याच्या दोरीची बारीक सावली पडली तर फार फरक नाही, पण आंब्याची एक फांदी पट्टीच्या कोपऱ्यावर आली की ती अख्खी पट्टी बसते, कारण एका पट्टीतले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, एकाची वाट अडली की पुढच्यांची पण अडते.

आणि ढग. याचा खरा त्रास कुणी सांगत नाही म्हणून लिहितोय. ढग आला की करंट पडणारच, ते ठीक, पण ढग गेल्यावर पण काही फोन परत जोरात चार्ज होत नाहीत! फोन एकदा ठरवतो की समोरचा चार्जर कमजोर आहे, आणि मग ऊन लख्ख पडलं तरी हळूच घेत बसतो. मी ऊन असताना पॅनेलवर पोतं टाकून करून बघितलं, मीटरवर दीड अँपिअर होता तो शून्यावर गेला, पोतं काढलं तर 0.4 वर येऊन तिथंच थांबला, वायर उपसून परत लावली तेव्हा कुठं पुन्हा दीड. आमचे आप्पा दिवसभर शेतात कामात असतात, ते काय दर ढगाला येऊन वायर उपसणार?

म्हणून फोन डायरेक्ट लावायचाच नाही. पॅनेल टू पॉवर बँक, आणि रात्री पॉवर बँकवर फोन, टॉर्च, जे काय असेल ते. माझी पॉवर बँक कमी-जास्त करंट निमूट घेते. 10000 एमएएच ची पॉवर बँक म्हणजे 3.7 व्होल्टच्या हिशेबानं 37 वॅट-तास, 11 वॅटनं साडेतीन तासात भरायला पाहिजे, पण गळती धरून आमच्याकडं नोव्हेंबरात नऊ ते दोन एवढा वेळ लागतो. त्यात 5000 एमएएच चा फोन साधारण दीड वेळा भरतो, किंवा फोन एकदा आणि हेड टॉर्च. राखणीला पुरून उरतं. आप्पांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "फोन राहू दे रे, आधी टॉर्चचं बघ," आणि तीच सवय लागली, आधी टॉर्च.

पॉवर बँक मात्र पॅनेलच्या मागच्या कप्प्यात ठेवू नका. कंपनीनं कप्पा दिलाय तो दिसायला सोयीचा, पण दुपारी तिथं हात घालवत नाही इतकं तापतं, आणि लिथियम बॅटरी 45 अंशाच्या वर चार्ज करणं चुकीचंच. एक मीटरची जाड वायर घ्या आणि पॉवर बँक सावलीत. याच कारणानं ती पाठीवर छोटं पॅनेल चिकटवलेली पॉवर बँक मिळते ना, ती घेऊच नका, ते तळहाताएवढं पॅनेल एक-दीड वॅट देतं, पूर्ण भरायला आठवडा जाईल आणि तोवर बॅटरी उन्हात भाजत पडणार. बेळगावच्या खडे बाजारात, गणपत गल्लीत अशा वस्तू बघून पोरं भुलतात, म्हणून आवर्जून सांगतोय.

पावसाळ्यात उपयोग शून्य. जून ते सप्टेंबर कणकुंबी, जांबोटी पट्ट्यात ऊनच नाही तर पॅनेल काय करणार, मीटर 0.1-0.2 अँपिअरच्या वर जात नाही, घडी करून कपाटात ठेवा. कापड पाणी झेलतं पण पोर्टचा डबा झेलत नाही. ट्रेकला सॅकवर बांधून पण बघितलं, राजहंसगड चढताना, वाट वळली की पॅनेलचं तोंड वळतं, काही हाती लागत नाही, वर पोचल्यावर तटावर पसरलं तर कामाचं. सौंदत्तीच्या यात्रेला बैलगाड्या घेऊन जाणाऱ्यांना मात्र हे नक्की सुचवीन, तिथं मुक्काम असतो, गाडीच्या ताडपत्रीवर दोरीनं बांधलं की झालं.

टिळकवाडीत फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर असलेल्यांनी पैसे घालू नयेत. ज्यांचं काम लाईट नसलेल्या ठिकाणी आहे त्यांनी घ्या, आणि दुकानातनं घेत असाल तर उन्हात उघडून, दोनशे-तीनशेचा यूएसबी मीटर आणि स्वतःची पॉवर बँक लावून, 10 वॅटच्या वर दाखवतंय का ते बघूनच पैसे द्या.