सोलापुरातली सागाची वखार: माप चोख, पण ओंडके उन्हात

चौकटी-दारांसाठी अख्खा ओंडका घेऊन चिरून घ्यायचा असेल, तर सोलापूरच्या कडेची ही वखार बघाच. याचं पहिलं कारण इथली टेप. ती ओंडक्याच्या मधोमध लागते, बुंध्याला नाही. साल असेल तर तेवढी पट्टी कोयत्याने सोलतात आणि मगच घेर घेतात.

माप चौथाई घेराचं. घेर इंचांत घ्यायचा, 4 ने भागायचा, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, त्याला लांबीच्या फुटांनी गुणायचं आणि 144 ने भागायचं. 10 फूट लांब, मध्यावर 48 इंच घेर, म्हणजे बरोबर 10 घनफूट. तोच ओंडका बुंध्याला 54 इंच भरतो आणि टेप तिथे लागली, तर 12.66 घनफुटांचे पैसे जातात. साल अर्धा इंच जाड असली, तर घेर तीन इंचांनी फुगतो: 48 चा खरा 45, आणि घनफूट 8.79. या रीतीने गोल ओंडक्याचं आकारमान सुमारे 21 टक्के कमी धरलं जातं, पण ती गिऱ्हाइकाची कमाई नव्हे. तेवढं चिरताना कडेच्या सालपटांत जातं.

कागदपत्रंही चोख आहेत. माल कर्नाटकातल्या दांडेलीच्या सरकारी लाकूड डेपोतल्या लिलावाचा, हुबळी-विजापूरमार्गे येणारा. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याची निशाणी असते. ती, ओंडक्याचा नंबर, लांबी आणि घेर वाहतूक परवान्यावरच्या यादीशी जुळवून घ्या. परवान्याची प्रत मागितली तर लगेच देतात. पक्कं बिल आणि ही प्रत नसताना साग घरी नेऊ नका.

माल पोचवण्याचं काम जिल्ह्यात सहसा न दिसणाऱ्या शिस्तीचं. जाड ओंडके तळाला, बुंधा एकदा केबिनकडे तर एकदा मागे, म्हणजे वजन एका टोकाला बसत नाही. बाजूचे खुंटे मालापेक्षा उंच. साखळ्या दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळतात, कारण हादऱ्यांनी साल दबते आणि साखळी सैल पडते. ओला साग घनमीटरला टनाच्या आसपास भरतो आणि सहा चाकी ट्रकचं एकूण मान्य वजन 2018 पासून 18.5 टन आहे, त्यामुळे आकाराने अर्धाच दिसणारा ट्रकही भरलेला असू शकतो. उतरवताना आधी पाचरी ठोकतात, मग साखळी सोडतात. ज्या बाजूला ओंडके घरंगळणार, त्या बाजूला कुणालाही उभं राहू देत नाहीत. हायड्रा (ओंडके उचलणारी क्रेन) हवा असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, भाडं वेगळं.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. दक्षिणेकडची रांग उघड्यावर पडलेली असते. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे 40 अंशांच्या वरचं कोरडं ऊन. ओंडक्याची तोंडं मध्यापेक्षा फार लवकर सुकतात, आकसतात, आणि गाभ्यापासून सालीकडे चिरा जातात. तोंडाला शेण-मातीचा किंवा जुन्या ऑइलपेंटचा लेप दिला तरी पुष्कळ वाचतं, पण इथे ते होत नाही. म्हणून माल उतरेल त्याच आठवड्यात जा. जुन्या रांगेतलाच घ्यावा लागला, तर दोन्ही तोंडांची चीर किती आत गेली आहे ते तारेने तपासा आणि तेवढी लांबी मापातून वजा करायला सांगा. ते मानतात.

सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाच्या भागाचंही बोलून घ्या. बारीक घेराच्या सागात तो जास्त निघतो, आणि भुंगा-वाळवी तिथूनच शिरते. चौकटीत तो भिंतीच्या बाजूलाही ठेवू नये.

नोव्हेंबर ते मार्च ट्रक उसाला लागतात. बार्शी, मंगळवेढ्याकडे पोच हवी असेल, तर त्या दिवसांत भाडं आणि तारीख दोन्ही आधी ठरवून घ्या.