सोन्याचा थर आणि गोव्याचा पाऊस: अँप्लिफायर घ्यावा की फायबर लेसर?

धातूच्या पातळ थरातले तापलेले इलेक्ट्रॉन किती वेळात निवतात हे मोजायचं म्हटलं, की गाडी आधी लेसरपाशीच अडते. मोजणीची रीत अशी: प्रकाशाची एक पल्स (पंप) इलेक्ट्रॉन तापवते, आणि जराशा उशिराने येणारी दुसरी (प्रोब) थराचं शोषण-परावर्तन किती बदललं ते पाहते. एकीकडे टायटेनियम-सफायर अँप्लिफायर, म्हणजे पल्सची ताकद वाढवणारा लेसर, आणि पांढऱ्या प्रकाशाचा प्रोब. दुसरीकडे इटर्बियम फायबर लेसर: १०३० नॅनोमीटरचा पंप आणि त्याचाच दुसरा हार्मोनिक, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा ५१५ नॅनोमीटरचा प्रकाश, प्रोब म्हणून. मी दोन्हींवर सोन्याचे वीसेक नॅनोमीटरचे थर मोजलेत, तेही गोव्यात राहून.

अँप्लिफायरची खरी श्रीमंती म्हणजे त्याचा पांढरा प्रकाश. सोन्यात डी-पट्ट्यातून (खालच्या ऊर्जेच्या भरलेल्या पातळ्यांतून) फर्मी पातळीकडे (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेकडे) जाणारी शोषणाची कड, म्हणजे जिच्यापासून शोषण झपाट्याने वाढतं ती ऊर्जा, साधारण २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टला येते. इलेक्ट्रॉन तापले की ही कड पसरते. तिच्या खाली शोषण वाढतं, वर कमी होतं. शोनलाइन, फुजिमोटो या संशोधक मंडळींनी १९८७ मध्ये सोन्यातले तापलेले इलेक्ट्रॉन पकडले ते याच कडेच्या आधाराने. पांढऱ्या प्रोबमध्ये कडेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात, चिन्ह कुठे उलटतं तेही. आज सोनं, उद्या तांबं, परवा निकेल असा ज्यांचा बेत आहे, त्यांना हे सोडवणार नाही.

फायबर लेसरकडे एकच रंग. पण तो रंग नशिबाने मोक्याचा आहे: ५१५ नॅनोमीटर म्हणजे २.४१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अगदी कडेवरच. पंप १०३० चा असल्यामुळे त्याचा विखुरलेला प्रकाश डिटेक्टरसमोरच्या साध्या फिल्टरने जातो. उणं बाजूला हेही लिहून ठेवा की सोनं १०३० ला बहुतेक सगळा प्रकाश परतवतं, त्यामुळे पंप सढळ हाताने द्यावा लागतो. आणि पल्स २०० फेमटोसेकंदांच्या आसपास. सोन्यात इलेक्ट्रॉन-फोनॉनचा काळ, म्हणजे इलेक्ट्रॉन आपली उष्णता अणूंच्या कंपनांना देतात तो काळ, पिकोसेकंदाच्या (हजार फेमटोसेकंदांच्या) घरात असतो, तिथे हे पुरतं. मात्र पहिल्या काही शे फेमटोसेकंदांत इलेक्ट्रॉन आपापसात तापमान कसं जुळवतात हाच तुमचा प्रश्न असेल, तर फायबर विसरा.

आता कुरबुरीकडे. मे संपता संपता हवा दमट होते आणि चवथीपर्यंत तशीच राहते. जुलैत दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो. अँप्लिफायरचं पाणी १८-२० अंशांवर फिरतं. खोलीत एसी आणि डीह्युमिडिफायर चालू आहेत तोवर सगळं ठीक. वीज गेली की आमच्याकडे लेसर आणि चिलर यूपीएसवर, एसी मात्र बंद. अर्ध्या तासात बाहेरची हवा आत शिरते आणि स्फटिकाच्या तांब्याच्या बैठकीवर बारीक थेंब धरतात. झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात ते पाहिले की पोटात गोळा येतो, कारण ओल्या पृष्ठभागावर स्फटिकाला ऊर्जा देणारा हिरवा लेसर पडला तर डाग कायमचा. मग नायट्रोजन सोडा, वाट बघा, आरसे पुन्हा जुळवा, दुपार गेली. कोरड्या हवेचा नीट बंदोबस्त असलेल्या प्रयोगशाळांना हे रडगाणं वाटेल, वाटू दे. कमी शक्तीचा फायबर लेसर हवेवरच थंड होतो, त्याची पेटी बंद असते, वीज आली की तासाभरात मोजणी सुरू. तरी निर्धास्त राहू नका, दुसऱ्या हार्मोनिकचा बीबीओ स्फटिक ओल धरतोच. मी तो सिलिका जेलच्या डबीत ठेवतो.

दुसरा मुद्दा थोडा तात्त्विक, पण माझ्या मते वजनदार. इलेक्ट्रॉनांची उष्माधारकता त्यांच्या तापमानाबरोबर वाढते, म्हणून पंप जोरात मारला की निवण्याचा काळच लांबतो. खरा आकडा हवा तर पंप कमी करत शून्याकडे जावं लागतं. हजार हर्ट्झच्या अँप्लिफायरवर एक पल्स दुसरीसारखी नसते. संकेत गोंगाटात बुडायला लागला की हात आपसूक पंप वाढवायला जातो. फायबर लेसरच्या मेगाहर्ट्झ दरावर लॉक-इनने (ठरावीक वारंवारतेचाच संकेत वेचणाऱ्या यंत्राने) परावर्तनातला लाखात एक बदलही निवांत दिसतो. काचेवरचा थर सतत तापत राहतो ही त्याची किंमत. पल्सचा दर कमी करा, नाहीतर थर काचेऐवजी उष्णता चटकन वाहून नेणाऱ्या सफायरवर चढवा.

(आणि काहीही घेतलंत तरी चिकटण्यासाठी खाली क्रोमियमचा थर दिला असेल तर तसं स्पष्ट लिहा. त्याने निवण्याचा काळ कमी होतो आणि लोक श्रेय लेसरला देतात.)

अनेक धातू, अनेक रंग आणि चोवीस तास भरवशाचा एसी असेल तर अँप्लिफायरला मी नाही म्हणणार नाही. सोनं आणि तांबं, दोन-तीन विद्यार्थी आणि गोव्यातली वीज एवढंच हाताशी असेल, तर मला वाटतं फायबर लेसर बरा. कोटेशन मागवताना पल्सच्या लांबीआधी दोन गोष्टी विचारा: थंड करायला पाणी लागतं का, आणि लागत असेल तर ते किती अंशांवर फिरतं.