‘525 पट’ लिहिलेली दुर्बीण

खोक्यावर ठळक ‘525 पट’, शेजारी शनीची कडी आणि रंगीत तेजोमेघ. मी त्या आकड्यालाच भुललो. वस्तुभिंगाचा, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा, व्यास विचारला, तर विक्रेता म्हणाला, “60 मिलिमीटर आहे, पण खरी ताकद पटीत असते, साहेब.”

गंमत म्हणजे हिशोब बरोबर होता. नाभीय अंतर, म्हणजे वस्तुभिंगापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर, 700 मिलिमीटर; सोबत 4 मिलिमीटरची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग. 700 भागिले 4, म्हणजे 175 पट. त्यावर तिप्पट करणारी बार्लो लेन्स लावली की 525. पण व्यासाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट, हा साधा नियम मला कोण सांगणार? 60 ला 120, बस्स. त्यापुढे चित्र नुसतं फुगतं आणि अंधारतं. गॅलिलिओने 1610 मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते जेमतेम 20 पटींत.

पहिल्या रात्री शनी म्हणजे एक थरथरणारा पिवळट डाग. फोकसच्या चाकाला बोट लागलं, की डागही गायब. ट्रायपॉडचे पाय काडीसारखे. मला वाटलं, आपल्यालाच जमत नाही.

खरी चोरी पुढेच होती. आकाशदर्शनातल्या एका जुन्या मित्राने 20 मिलिमीटरच्या नेत्रिकेमागे, थोड्या अंतरावर टॉर्च धरली. वस्तुभिंगासमोर कागद ठेवला. उजेडाचं वर्तुळ पट्टीने मोजलं: 36 मिलिमीटर! भिंग खोलल्यावर आत काळ्या प्लॅस्टिकची कडी निघाली. हलक्या भिंगाचे दोष झाकायला तिने कडेचा भाग अडवला होता. म्हणजे 60 च्या भिंगातून येणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम तिसरा हिस्सा माझ्या डोळ्यापर्यंत पोहोचत होता.

विक्रेत्याने “खोकं उघडलं, आता परत नाही” म्हणून फोन ठेवला. त्यामुळे पैसे मोजण्याआधी टॉर्च आणि पट्टी घेऊन जा, आणि नळी हलकेच टिचकी मारून बघा: चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो? पटीचा आकडा पुढे करणाऱ्याकडे तर थांबूच नका.

खोक्यात ‘सूर्य’ लिहिलेली काळी काचही होती, नेत्रिकेत फिरवून बसवायची. मित्राने ती हातात घेतली आणि त्याचा चेहराच बदलला. एकवटलेल्या उन्हाने अशी काच तडकते, तेव्हा डोळा नेत्रिकेलाच लावलेला असतो. सूर्याचा फिल्टर बसतो तो नळीच्या पुढच्या तोंडावर. ती काच आम्ही तिथेच हातोड्याने फोडली.