टॉर्क्वाटस की आफ्रिकानस?

पराक्रमाचं बिरुद रोमन माणसाच्या नावाला दोन वाटांनी चिकटायचं. एक हातघाईची. परंपरेनुसार इ.स.पू. ३६१ मध्ये आनिओ नदीच्या पुलावर तरुण टायटस मॅनलियसने धिप्पाड गॉल योद्ध्याला एकट्याने लोळवलं. त्याच्या गळ्यातलं पिळाचं कडं काढून, रक्ताने माखलेलं तसंच स्वतःच्या गळ्यात घातलं. त्या कड्याला लॅटिनमध्ये टॉर्क्विस म्हणत, म्हणून हा टॉर्क्वाटस. पुढे वंशजांनीही हे नाव पिढ्यान् पिढ्या मिरवलं, कडं न जिंकता!

दुसरी वाट मुलूख जिंकण्याची. इ.स.पू. २०२ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या झामाच्या लढाईत कार्थेज या शत्रुराज्याचा सेनापती हॅनिबल याला हरवून रोमन सेनापती स्किपिओ ‘आफ्रिकानस’ झाला. त्याच्या दत्तक नातवाला हे नाव वारशाने मिळालंच होतं, इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज पाडून त्याने ते स्वतःही कमावलं.

वजन आफ्रिकानसचं जास्त, मान्य. पण मला टॉर्क्वाटसच आवडतं, कारण त्यात ते कडं डोळ्यांसमोर येतं. आफ्रिकानसमध्ये नुसता नकाशा. शिवाय मुलखाच्या नावाने थट्टाही सोपी. रोमन सेनानी मार्क अँटनीचा बाप क्रीट बेटावर सपाटून हरला, आणि त्याला ‘क्रेटिकस’, म्हणजे जणू क्रीटचा विजेता, हे नाव उपहासानेच चिकटलं, असं मानतात.